मालकाशी बांधलेला परवाना आणि मुक्त संचाराचा हक्क

परदेशात गेलेल्या कामगाराला नोकरी बदलता येते की नाही, यावर त्याच्या समान संधीचे बरेच काही अवलंबून असते. आखाती देशांतील कफाला पद्धतीत त्याचे वास्तव्यच मालकाच्या प्रायोजकत्वावर टिकून असल्याने, थकलेल्या वेतनाची तक्रार करणे म्हणजे नोकरीबरोबर देशात राहण्याचा आधारही पणाला लावणे ठरते, आणि परवानगीशिवाय काम सोडणाऱ्यावर ‘फरार’ असा शिक्का बसू शकतो. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणाऱ्या ना-हरकत पत्राची अट रद्द केली, हे स्वागतार्हच होते. मात्र भरतीसाठी काढलेले कर्ज कामगाराला तरीही जखडून ठेवते.

युरोपीय संघातील मुक्त संचार, म्हणजे एका सदस्य देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात जाऊन काम करण्याचा हक्क, मला निःसंशय अधिक न्याय्य वाटतो, कारण वाईट मालकाला सोडून जाण्याचे बळ तेथे कामगाराच्या हाती राहते आणि वेतन व कामाच्या अटींबाबत राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही २००४ मध्ये सामील झालेल्या पूर्व व मध्य युरोपातील आठ देशांच्या कामगारांना जर्मनी आणि ऑस्ट्रियाची दारे पूर्णपणे उघडण्यासाठी २०११ पर्यंत थांबावे लागले. भाषा आणि पदवीची मान्यता हे अडथळे उरतातच. संघाबाहेरून आलेल्या हंगामी मजुराला तर हा हक्क मुळातच लागू होत नाही.