ऑइल कूलर, नऊ महिन्यांनंतर: सगळी मेख थर्मोस्टॅटमध्ये

जानेवारीत ऑइलचं झाकण उघडलं तर आतून लोण्यासारखा पिवळट थर. पोटात गोळाच आला. हेड गॅस्केट (इंजिनातलं तेल आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, वेगळं ठेवणारं सील) गेलं आणि पाणी तेलात उतरलं, असंच वाटलं. पण कूलंट तसूभरही कमी झालं नव्हतं.

गाडी टोयोटा जीटी८६, मी राहायला स्टुटगार्टजवळ. १९ ओळींचा ऑइल कूलर, म्हणजे इंजिनचं तेल थंड करणारा छोटा रेडिएटर, मे महिन्यात एका वर्कशॉपमधून बसवून घेतला, तो खास नुर्बुर्गरिंगच्या रेस ट्रॅकसाठी. तिथल्या नॉर्डश्लायफ या लांब ट्रॅकची एक फेरी २०.८ किलोमीटरची, त्यात केसेलखेन नावाच्या भागातला लांबच लांब चढ. आधी तेल १३२ अंशांवर जायचं आणि फेरी अर्धी सोडून सावकाश चालवावी लागायची. कूलर लावल्यावर भर उन्हातही ११२च्या वर गेलं नाही. उन्हाळाभर भेटेल त्याला सांगत होतो, कूलर डोळे मिटून विकत घ्या. ते शब्द मागे घेतो. डोळे उघडे ठेवून घ्या.

कारण थंडीत २५ किलोमीटर चालवून ऑफिसला पोचलो तरी तेल ६५च्या पुढे सरकेना. तेल नीट तापलं नाही की त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. झाकणाला लागलेलं लोणी ते हेच.

ऑइल फिल्टरखालच्या सँडविच प्लेटमधून तेल कूलरकडे वळतं. तिच्यात थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) असला, तर तेल ८०-८५ अंशांवर येईपर्यंत तो बारीक धार सोडून बाकी तेल कूलरकडे जाऊ देत नाही. माझ्या बिलावर तीच प्लेट लिहिलेली. एका सकाळी बाहेर उणे ३ असताना गाडी सुरू करून दहा मिनिटांनी कूलरच्या नळ्यांना हात लावला. गार लागायला हव्या होत्या, तर दोन्ही इंजिनाइतक्याच कोमट! प्लेट उतरवली. आत थर्मोस्टॅट नाहीच, सरळ आरपार वाट.

वर्कशॉपवाला म्हणतो, ट्रॅकवर चालवता ना, मग काय फरक पडतो? अहो, गाडी ट्रॅकवर वर्षातून दहा दिवस, बाकी रोज ऑफिसला आणि भाजीला! थर्मोस्टॅटचे म्हणून ९० युरो जास्त घेतले होते. तीन ईमेल केल्यावर ४० परत आले. उरलेले ५० मी सोडणार नाही.

नवी प्लेट येईपर्यंत कूलरपुढे पुठ्ठा बांधला, तर तेवढ्यानेच तेल १५ अंश चढलं. मग प्लेट स्वतः बसवली, तेलही बदललं. आता त्याच रस्त्यावर ९२, झाकण स्वच्छ. मत पुन्हा बदललंय: कूलर उत्तमच आहे. फक्त बसवण्याआधी प्लेट हातात घ्या आणि आत डोकावून बघा. नव्या प्लेटने उन्हातली पहिली फेरी झाली की आकडे इथेच टाकतो.