हस्तलिखित-परीक्षण सेवा: अहवालाला पैकीच्या पैकी, गोषवाऱ्याला नाही

पहिली कादंबरी पूर्ण झाल्यावर सगळ्यात मोठी अडचण असते ती परका वाचक मिळण्याची. घरच्यांनी वाचली, त्यांना आवडली. पण त्यांना माझा आवाज आधीच ओळखीचा आहे. प्रकाशकाकडे बाड पाठवलं की एक तर उत्तर येत नाही, किंवा दोन ओळींचं 'साभार परत' येतं. का परत, ते कळत नाही, आणि ते सांगत बसायला प्रकाशकाकडे वेळही नसतो. ते 'का' सांगणारी सेवा म्हणून मी हे परीक्षण करून घेतलं. अनुभवी संपादक अख्खं हस्तलिखित वाचतो, लेखी अहवाल देतो आणि त्यावर एकदा फोनवर सविस्तर बोलतो. अशा सेवा बऱ्याच आहेत आणि त्यांची रचना साधारण सारखीच असते, म्हणून नाव न घेता लिहिते आहे.

माझी कादंबरी धरणात जाणाऱ्या गावातल्या तीन भावंडांची आहे. अहवाल उघडला तर पहिल्याच पानावर होतं: 'तुमची गोष्ट तिसऱ्या प्रकरणात सुरू होते, मोजणीच्या खुंट्या शेतात ठोकल्या जातात तिथे. त्याआधीची दोन प्रकरणं गावाची माहिती आहेत.' मला ते जिव्हारी लागलं, कारण त्या दोन प्रकरणांवर माझा फार जीव होता. पण खाली कारणं दिली होती. गावाबद्दलची कुठली माहिती पुढे पुन्हा येते, कुठली प्रसंगातून आपसूक कळते आणि कुठली कधीच लागत नाही, हे पृष्ठक्रमांकासह लिहिलं होतं. दिवसभर विचार केला आणि पटलं.

हा सल्ला काही मला एकटीला मिळालेला नाही. विल्यम गोल्डिंगची पहिली प्रकाशित कादंबरी, 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज', १९५४ साली आली. तेव्हा ते शाळेत शिकवत होते आणि लेखक म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हतं. बाड अनेक ठिकाणांहून परत आलेलं होतं, आणि फेबर या प्रकाशनसंस्थेसाठी आलेली बाडं वाचणाऱ्या वाचकानेही ते नीरस ठरवलं होतं. चार्ल्स माँटीथ या तिथल्या नव्या संपादकाने ते पुन्हा हातात घेतलं आणि सुरुवातीचा अणुयुद्धाचा भाग काढायला लावला. मला यात नकारापेक्षा संपादकाने काय केलं ते महत्त्वाचं वाटतं. नवख्या लेखकाला असा माणूस प्रकाशनसंस्थेच्या आत भेटला तर नशीब. नाही भेटला तर बाहेर शोधावा लागतो.

अहवालाचा सर्वांत कसदार भाग निवेदनाबद्दलचा होता. माझी कादंबरी तृतीयपुरुषी आहे आणि मुख्यतः थोरल्या बहिणीच्या नजरेतून चालते. संपादकाने दाखवलं की ताणाच्या प्रसंगांत मी त्याच परिच्छेदात तिच्या मनातून निघून भावाच्या मनात शिरते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी वाचकाची पकड सुटते. मधला भाऊ नवव्या प्रकरणानंतर दिसेनासा होतो आणि चौदाव्यात अचानक दारू पिऊन येतो, हेही त्याने पकडलं. भुईमूग काढणीला आलेला असताना त्याच पानावर उन्हाळी नांगरट चालू होती, तेही. म्हणजे माणसाने खरंच वाचलं होतं, शब्दन् शब्द. कामाच्या टिपा समासात होत्या आणि एकही टीप नुसती 'छान' किंवा 'सुधारा' अशी नव्हती.

एक गोष्ट या सेवेने सुरुवातीलाच स्पष्ट केली, त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो: आधी रचनेचं संपादन, मग वाक्यांचं, मुद्रितशोधन शेवटी. जे प्रकरण जाणार आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासून काय उपयोग? अहवालामुळे कादंबरी छापली जाईल असं आश्वासनही त्यांनी कुठे दिलं नाही. मजकूर चोरीला जाण्याची भीती वाटणाऱ्यांसाठी सांगते: गोपनीयतेचा करार लेखी मिळतो, आणि कादंबरीवरचा तुमचा हक्क ती लिहिली गेली तेव्हाच तयार झालेला असतो. त्यासाठी नोंदणीची अट नसावी हे लेखनहक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात १९०८ सालीच ठरलं आहे.

आता निराशा. प्रकाशकाला पाठवायचा गोषवारा ते सोबत तयार करून देतात. माझा आला तो मलपृष्ठावरच्या मजकुरासारखा: 'पुढे काय होतं? जाणून घेण्यासाठी वाचा...' गोषवाऱ्यात शेवट सांगावाच लागतो. कथानक कुठून कुठे जातं आणि लेखकाला ते तडीस नेता आलं आहे का, हे संपादकाला एक-दोन पानांत दिसायला हवं. इतका बारकाईचा अहवाल देणाऱ्यांकडून असं काम यावं याचं वाईट वाटलं. तो मी स्वतः पुन्हा लिहिला.

आणि अहवालापाठोपाठ आलेला मेल मला अजिबात आवडला नाही. त्यात 'प्रकाशन पॅकेज' होतं: छपाईचा खर्च लेखिकेचा, वर मुखपृष्ठ आणि आयएसबीएन. आयएसबीएन हा पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे, २००७ पासून तेरा आकडी. त्याने पुस्तकाचा दर्जाही ठरत नाही आणि लेखनाचा हक्कही मिळत नाही. तो बक्षिसासारखा दाखवून नवख्या माणसाला भुलवू नये. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात काहीच कमीपणा नाही, पण तो निर्णय लेखकाने ठरवून घ्यावा. ज्याने नुकतंच तुमचं हस्तलिखित तपासलं त्यानेच लगेच छपाई विकायला येणं मला गैर वाटतं. अहवालाच्या प्रामाणिकपणावरच त्याने शंका येते. मी नकार कळवल्यावर पुन्हा आग्रह झाला नाही, हेही नोंदवते.

कादंबरी अर्धवट असेल तर एवढ्यात ही सेवा घेऊ नका. नवोदिताकडून प्रकाशक बहुधा पूर्ण कादंबरीच मागतात, आणि अर्ध्या हस्तलिखितावर रचनेचा अहवाल देता येत नाही. एक-दोन पुनर्लेखनं झाली असतील आणि आता कुठे हात घालावा ते सुचत नसेल, तर जरूर घ्या. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: वाचणाऱ्या संपादकाचं नाव आणि त्याने आधी केलेलं काम, एखाद्या जुन्या अहवालाचा नमुना, आणि फोनवरच्या चर्चेला किती वेळ मिळेल ते. माझी चर्चा ऐन शेवटच्या प्रकरणावर आली आणि वेळ संपला. त्याचे प्रश्न मला नंतर मेलवर विचारावे लागले. उत्तरं आली, मुद्देसूद आली, पण उशिरा.