अर्धवट बी.कॉम. कुठं पूर्ण करायचं: शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण की बाहेरची ऑनलाइन पदवी?

कोल्हापुरात दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सुटलं असेल, तर शिवाजी विद्यापीठाच्याच दूरशिक्षणात मायग्रेशन सर्टिफिकेटची (दुसऱ्या विद्यापीठात जाताना लागणाऱ्या दाखल्याची) भानगड नसते. तिथं अडतो तो अभ्यासक्रम. जुन्या पॅटर्नचे पेपर नव्यात धरतात का, हे आधी लेखी विचारून घ्या.

बाहेरच्या ऑनलाइन पदवीत रेकॉर्ड केलेली लेक्चर्स रात्री दुकान बंद केल्यावरही बघता येतात. मेख क्रेडिटमध्ये, म्हणजे पास झालेल्या विषयांसाठी मिळणाऱ्या गुणांकांमध्ये आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या क्रेडिट बँक नियमांनुसार किमान ५० टक्के क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवावी लागतात. तीन वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची. तुमची ८० झाली असली तरी नेता येणार जास्तीत जास्त ६०. म्हणजे एक वर्ष नव्हे, दीड वर्ष. शिवाय क्रेडिटची मुदत ७ वर्षं. ‘सगळं ट्रान्सफर होतं’ म्हणणाऱ्या एजंटाला हा नियम दाखवा.

दोन्हीकडे डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा प्रवेशासाठीचा नंबर) लागतो आणि त्याआधी एबीसी आयडी (क्रेडिट बँकेतल्या खात्याचा नंबर). आधार आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर गाडं इथंच अडतं. ते आधी दुरुस्त करा.

दोनच सेमिस्टर उरली असतील तर शिवाजी विद्यापीठच बरं. पहिलंच वर्ष झालं असेल, तर ऑनलाइनचा विचार करा.