सिरीज मोटर की शंट मोटर?

नागपुरात अजनीच्या पुलावरून कोळशाची मालगाडी जागची हलताना पाहा. जुन्या डब्ल्यूएजी-७ या विजेच्या इंजिनात हे काम 6 डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटच्या) सिरीज मोटरी करतात. यात फील्डचं, म्हणजे चुंबकत्व तयार करणारं वाइंडिंग आर्मेचरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्याच ओळीत असतं, जाड तारेचं, मोजक्या वेढ्यांचं. करंट दुप्पट झाला की टॉर्क (फिरवण्याचा जोर) जवळजवळ चौपट, म्हणून ओढकामाला आणि क्रेनला हीच. पण भार काढला की बेभान पळते, पार आर्मेचर फुटेपर्यंत. त्यामुळे तिला पट्टा लावत नाहीत. पट्टा तुटला की खेळ खलास. घरचा मिक्सरही याच जातीचा, फक्त एसीवर (घरच्या उलटसुलट वाहणाऱ्या करंटवर) चालणारा. सावजी मसाला वाटताना तो दबून घुमतो आणि भांडं रिकामं होताच किंचाळतो, तो हाच स्वभाव.

शंट मोटरमध्ये बारीक तारेचं, पुष्कळ वेढ्यांचं फील्ड आर्मेचरला समांतर जोडतात. भार बदलला तरी वेग फारसा ढळत नाही. लेथला (धातू फिरवून कातणाऱ्या यंत्राला) हेच हवं. सुरुवातीचा जोर मात्र बेताचा. आणि गरीब दिसते म्हणून गाफील राहू नका: चालू असताना फील्डची तार तुटली, तर तीही उधळते.

हिंगण्याच्या वर्कशॉपातल्या लेथसाठी कुणी जुनी सिरीज मोटर फुकट दिली, तरी मी घेणार नाही.