लवंगी मिरची की चंद्रा? हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला लावणी निवडताना

संक्रांत झाली की आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत महिला मंडळाचं हळदीकुंकू असतं, आणि त्याला जोडून नाचगाण्याचा कार्यक्रम. वाण काय लुटायचं ते अर्ध्या तासात ठरतं. लावणी कोणती, यावर मात्र आठवडा जातो. पोरी म्हणतात, "काकू, चंद्राच करूया, मी म्होरं उभारतो." साठीच्या बायकांना बुगडी पाहिजे असते. हे भांडण दरवर्षी माझ्याच गच्चीवर मिटतं, म्हणून तुमच्यातही तेच चाललं असेल तर माझा अनुभव सांगते.

आधी मोबाइल पालथा ठेवून गाणी नुसती ऐका. चित्र मागून बघा. नव्या गाण्यांत निम्मा नाच कॅमेरा करतो. क्षणात पाय, क्षणात डोळे, मग वरून सगळा फड, मग परत चेहरा. दोन शॉटच्या मध्ये नाचणारीला दम खायला मिळालेला असतो, तो स्टेजवर तुम्हाला मिळत नाही. याउलट १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'मधली 'बुगडी माझी सांडली गं' काढून बघा. जयश्री गडकर समोर आहेत आणि कॅमेरा बऱ्यापैकी निवांत आहे. पहिल्या रांगेतल्या बाईला दिसावं तसं दिसतं. शिकायला हे फार बरं. पायांपेक्षा मान आणि डोळेच जास्त बोलतात, हेही तिथंच कळतं.

बुगडीचा आणखी एक फायदा म्हणजे लांबी. त्या काळी गाणं ७८ आरपीएमच्या तबकडीवर यायचं आणि तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्यामुळे गदिमांचे शब्द, वसंत पवारांची चाल, आशाबाईंचा आवाज, सगळं आटोपशीर आहे, कापाकापी करावी लागत नाही. शिवाय गाण्यातली बाई दागिना हरवल्याचं बायकांना सांगते आणि घरी चुगली करू नका म्हणून विनवते. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढं याच्याइतकं चपखल दुसरं काय असणार? आमच्यात खरी बुगडी दोघींकडेच होती, बाकीच्यांनी गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून, चापाच्या आणल्या. एकीची स्टेजवर खरोखरच सांडली. लोकांना वाटलं, तसंच बसवलंय.

आता कोल्हापूरकरांच्या हक्काचं गाणं. १९६२ च्या 'रंगल्या रात्री अशा'मधली 'मला हो म्हणतात लवंगी मिरची' ही लावणी जगदीश खेबुडकरांची. ते मूळचे इथल्याच हळदी गावचे, पेशानं शिक्षक, आणि सिनेमातली त्यांची सुरुवात याच लावणीनं झाली. गायल्या सुलोचना चव्हाण. सुलोचनाबाई कार्यक्रमात डोक्यावर पदर घेऊन, हातवारे न करता लावणी म्हणायच्या. सगळा ठसका गळ्यात. बसवायला हे गाणं दिसतं तेवढं सोपं नाही, ते याच्यामुळेच. आवाजानंच सगळं केलेलं असतं, त्यावर तुम्ही कंबर मोडून नाचायला गेलात की उगीच तिखटावर तिखट. मागं एकदा आमच्या जाऊबाईंनी हे केलं, वय चोपन्न. कमरेवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या, आणि ओळीत 'कोल्हापूरची' आलं तसं एक भुवई वर केली. अख्ख्या मंगल कार्यालयात शिट्ट्या. पोरींनी नंतर तीच भुवई आरशासमोर आठ दिवस उचलली, कुणाला जमली नाही.

'पिंजरा'वर मी फार वेळ घालवणार नाही. १९७२ चा सिनेमा, पुन्हा खेबुडकरच, चाली राम कदमांच्या, आणि 'दिसला गं बाई दिसला' कुणाला आवडत नाही? पण संध्याबाईंची ढब त्यांची एकट्यांची होती. ती उचलायला गेलं की नक्कल होते. लहान पोरींचा घोळका नाचवायचा असेल तर ठीक.

नव्यातली दोन गाणी शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या 'नटरंग'चं 'वाजले की बारा' आणि २०२२ च्या 'चंद्रमुखी'चं 'चंद्रा'. दोन्हीकडे संगीत अजय-अतुलचं, शब्द गुरू ठाकूरचे, नाचणारी अमृता खानविलकर. (नटरंगची मूळ कादंबरी आपल्या कागलच्या आनंद यादवांची, हे पोरींना सांगितलं की त्या मान डोलावतात आणि परत आरशाकडे वळतात.) माणसं तीच, तरी स्टेजवर दोन्ही गाणी अगदी वेगळी वागतात. 'वाजले की बारा' बेला शेंडेनं गायलंय, पण 'जाऊ द्या ना घरी' आलं की खुर्च्यांतल्या बायकाच गायला लागतात. मागच्या ओळीतली एखादी चुकली तरी त्या गलक्यात खपून जाते. सहा-आठ जणी, त्यातल्या तिघी पहिल्यांदाच उभारणाऱ्या, असं असेल तर डोळे झाकून हे घ्या.

'चंद्रा'त लपायला जागा नाही. श्रेया घोषालचा आवाज एकटीला पुढं ओढतो आणि नाचणारीला त्याच्यामागं पळावं लागतं. पायांत चाळ, अंगावर नऊवारी, गुडघे धड, वय विशीचं, आणि तीन आठवडे रोज तालीम, एवढं असेल तरच हात घाला. त्यात प्रत्येकीनं ते मोबाइलवर पन्नासदा बघितलेलं असतं. चौथीतली पोरगीसुद्धा खालून सांगते, "इथं डावा हात होता."

आवाजाचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. जुनी रेकॉर्डिंग मोनो, त्यांत खर्जाचा भरणा नाही. तुमच्या आधी एखाद्या मंडळानं 'झिंगाट' वाजवलं असेल तर त्यानंतर लागलेली बुगडी शेजारच्या घरातल्या रेडिओसारखी ऐकू येते. म्हणून जुनं गाणं घेतलं तर क्रमांक पहिला मागून घ्या, नाहीतर मध्ये वाण वाटप तरी घाला. आणि साउंडवाल्याला सांगा, बेस कमी कर, मधला आवाज चढव, म्हणजे ढोलकी उठेल.

आमची एकदा चांगलीच फजिती झाली. तालीम मूळ बुगडीवर केली आणि ऐनवेळी कुणीतरी इंटरनेटवरून उतरवून पेन ड्राइव्हमध्ये घातली ती निघाली दुसऱ्या कुणीतरी कीबोर्डवर नव्यानं गायलेली. मुखड्याआधीचं वाजवणं संपेचना. पाच जणी कानाला हात लावून उभ्या, जसं काही शाळेत शिक्षा झालीय. तेव्हापासून गाणं घेताना गायिका, सिनेमा आणि साल बघते, आणि तालमीला जी फाइल तीच स्टेजला.

तर माझा कौल असा. ठसक्याची एकच बाई आहे, वय कितीही असो, तर लवंगी मिरची. चार-पाच समवयस्क मैत्रिणी आहेत आणि तालमीला वेळ कमी, तर बुगडी. गर्दी मोठी, तयारी कच्ची, तर वाजले की बारा. चंद्रा फक्त अशा पोरीसाठी, जी गाणं बंद झाल्यावरही अंगणात तोडे घोकत असते.

आमच्याकडे यंदा जाऊबाईंची मिरची आधी, मग पोरींचं वाजले की बारा, असं ठरलंय. चंद्रावाली अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण तालमीला सगळ्यांच्या आधी येते, आणि आली की पहिल्यांदा जाऊबाईंच्या भुवईकडे बघते.