जुनी सायकल घेताय? आधी सीटचा दांडा बाहेर काढून बघा

जाहिरातीत लिहिलं होतं, 'फ्रेम 19 इंच, उंच माणसासाठी'. माझी उंची पाच फूट दहा, माउंटन बाइकमध्ये (एमटीबी) साधारण हेच माप लागतं. विकणारा ऐरोलीचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल पुसूनबिसून उभी, सीट आधीच वर चढवलेली. "बसा दादा, तुमच्याच मापाची आहे. चाकं बघा ना, 29ची!" चाकाच्या आकड्यावरून फ्रेमचं माप कळत नाही, पण हे लोक तो मुद्दाम फेकतात. चकरा पार्किंगमध्येच मारायच्या, कारण म्हणे वॉचमन बाहेर सोडत नाही. वॉचमन खुर्चीत पेंगत होता. साडेनऊ हजार यूपीआयने दिले.

पाम बीच रोडला नेली आणि खरी कळा दिसली. हँडल पोटात येतंय, वळताना गुडघा हँडलला घासतोय, सीटखालून करकर.

नौपाड्यातल्या मेकॅनिककाकांनी सीटचा दांडा आख्खा बाहेर ओढला. कमीत कमी किती दांडा नळीच्या आत राहिला पाहिजे, याची खूण त्यावर असते. इथे ती पॉलिश पेपरने घासून टाकलेली. तिरप्या उजेडात धरल्यावर अर्धवट दिसली. आत होता जेमतेम दोन बोटं दांडा, खूण राहिली पार वर. अशाने दांडा मोडतो नाहीतर नळी तडकते. आमच्या नळीला बारीक चीर गेलीच होती. मग काकांनी टेप लावली. पायडलचे दोन्ही हात ज्या धुरीवर फिरतात तिच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या काठापर्यंत भरले 15 इंच. '19'चं स्टिकर नखानेच निघालं.

हा डाव खपतो कसा, तर सीट वर केली की पाय बरोबर बसतात. पायडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, गिऱ्हाईक खूश. पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमच ठरवते. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, बदलून थोडंफार सावरतं, एवढा फरक नाही. म्हणून सीटवर बसण्याआधी फ्रेमच्या आडव्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीला टेकून उभे राहा. एमटीबीत जांघ आणि दांडा यांच्यात दोनेक इंच मोकळे हवेत. वीतभर जागा उरली तर फ्रेम बहुधा लहान आहे. सीटचा दांडा बाहेर काढायला जो नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊच नका.

त्या माणसाला फोन केला. "विकलेला माल परत नाही," म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला वेल्डिंग करायला काका तयार नाहीत. चाकं आणि गिअर तेवढे काढून ठेवलेत.