घरखरेदीआधीची ‘हद्द कायम’ मोजणी: काय हाती लागतं, काय नाही

बंगला, रो हाऊस किंवा गावातलं जुनं घर घेताना वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट बहुतेक जण काढून घेतात. मालक कोण, बोजा आहे का, हे त्यातून कळतं. कुंपणाची भिंत कोणाच्या जागेत उभी आहे, हे मात्र कळत नाही. ते सांगणारी अधिकृत सेवा एकच: भूमी अभिलेख खात्याची ‘हद्द कायम’ मोजणी. शेजाऱ्याशी होणारी बरीच भांडणं ज्या एका रेषेवरून पेटतात, ती रेषा खरेदीखताआधी कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे आखून मिळते. त्यामुळे ही मोजणी घेण्यासारखी आहे, यात शंका नाही. अट एकच, पूर्ण पैसे देण्याआधी घ्या. नंतर घेतलेली मोजणी फक्त वाईट बातमी देते.

पहिली अडचण इथेच येते. अर्ज सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर ज्याचं नाव आहे त्यानेच करायचा असतो, म्हणजे विकणाऱ्याने. ‘तुमचं नाव लागल्यावर निवांत मोजून घ्या’ असं एजंट सांगेल, ऐकू नका. साठेखतातच लिहून घ्या: अर्ज विक्रेता करेल, फी खरेदीदार भरेल, ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा अधिकृत नकाशा) हातात आल्यावरच उरलेली रक्कम दिली जाईल, आणि क्षेत्र कमी भरलं तर त्या प्रमाणात किंमत उतरेल. सातबारावर चार भावांची नावं असतील तर चौघांची संमती आधीच घेऊन ठेवा. विक्रेता मोजणीला सरळ नकार देत असेल, तर त्याचं कारण कळल्याशिवाय इसार देऊ नये.

अर्ज ई-मोजणीच्या पोर्टलवर होतो. डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार उरले आहेत. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २,००० रुपये, द्रुतगतीला ८,०००. महापालिका आणि नगरपालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत ३,००० आणि १२,००० रुपये. अर्ज भरताना दर पुन्हा तपासून घ्या. नियमितला तीन महिने, द्रुतगतीला महिनाभर धरून चाला आणि साठेखताची मुदत त्याहून ऐसपैस ठेवा. कर्ज मंजूर झालेलं असेल आणि बँकेच्या मंजुरीची मुदत चालू असेल, तर द्रुतगतीचे जास्तीचे पैसे वसूल आहेत. घाई नसेल तर नियमित पुरते. मोजण्याची पद्धत दोन्हीत तीच आहे.

मोजणी फसते ती बहुधा लगतधारकांच्या यादीवर. चारही बाजूंच्या खातेदारांची नावं आणि पत्ते अर्जात द्यावे लागतात, त्यांना नोटीस जाते. शेजारच्या उताऱ्यावर कधीच वारलेल्या आजोबांचं नाव असतं, वारसनोंद झालेली नसते, नोटीस परत येते; मग तारीख पुढे जाते, किंवा ‘आम्हाला कळवलंच नाही’ म्हणत नंतर हरकत येते. म्हणून चारही बाजूंचे ताजे उतारे आधी काढा, मयताच्या जागी वारसांची नावं द्या, आणि नोटिशीच्या भरवशावर न राहता विक्रेत्याला बरोबर घेऊन शेजाऱ्यांना समक्ष भेटा. एका बाजूला रस्ता किंवा नाला असेल तर तोही अर्जात दाखवा.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक रोव्हर घेऊन येतो. काठीवर बसवलेलं हे यंत्र उपग्रहांचे संकेत घेतं आणि राज्यातल्या ७७ कॉर्स स्टेशनांच्या (उपग्रहांचे संकेत सतत टिपणाऱ्या कायमच्या संदर्भ केंद्रांच्या) जाळ्याशी जोडून सेंटीमीटरांच्या अचूकतेने बिंदू देतं. मोजणीच्या जुन्या फलक आणि साखळीच्या तुलनेत ही सुधारणा मोठी आहे. पण दाट आंब्याखाली किंवा दोन उंच भिंतींमधल्या बोळात आभाळच दिसत नाही, तिथे रोव्हर अडखळतो. पडद्यावर ‘फिक्स’ (पक्की जागा) न येता ‘फ्लोट’ (अंदाजे जागा) दिसत असेल तर तो बिंदू घेऊ देऊ नका. अशा कोपऱ्यासाठी टोटल स्टेशन, म्हणजे उपग्रहांशिवाय कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, लावण्याची विनंती करा, तीही तिथल्या तिथे आणि लेखी.

दुसरी गोष्ट, यंत्र अचूक असलं तरी जुना अभिलेख तितका अचूक असेलच असं नाही. म्हणून मापक फक्त तुमचा प्लॉट मोजून थांबत नाही. आसपासचे जुने दगड, विहीर, रस्त्याचा कोन, न हललेले बांध घेऊन ते टिपण (मूळ मोजणीच्या मापांची नोंद) आणि गटनकाशाशी जुळवतो. हे काम तो घाईत उरकत असेल तर आदराने थांबवा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचं चित्र मोबाईलवर दाखवून त्याच्याशी वाद घालू नका. ते चित्र हद्द ठरवण्यासाठी नाहीच.

जागेवर चुना, लोखंडी खुंट, घण, पन्नास मीटरचा टेप, मदतीला एक माणूस आणि मागच्या बोळाची किल्ली एवढं तयार ठेवा. खूण ठोकली की घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून खुंटापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा आणि टेप दिसेल असा फोटो काढा. खुंट रात्रीतून नाहीसा होतो. दोन अंतरं हाताशी असली की तोच बिंदू पुन्हा सापडतो. शेजाऱ्याने सही नाकारली तर घाबरायचं कारण नाही; तसा उल्लेख पंचनाम्यात होतो आणि मोजणी पूर्ण होते. निकाल मान्य नसेल तर वरच्या पायरीवर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, आहे, त्यावर सुपर निमताना.

‘क’ प्रत हातात आली की आधी नकाशातली खुणांची सूची वाचा. अभिलेखाची हद्द एका रेषेने दाखवलेली असते, प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्या. त्या दोन रेषांमधली पट्टी हाच तुमचा वाद. ती काढून देण्याचं काम हे खातं करत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टच. शेजारी बारा वर्षांहून जास्त काळ त्या पट्टीवर उघडपणे मालक म्हणून बसला असेल, तर प्रतिकूल कब्जाचा (दीर्घ ताब्यावरून मालकी सांगणारा) दावा समोर येणार हे धरून चाला. अशी पट्टी किमतीतून वजा करा, किंवा व्यवहारातून उठा.

गुंठेवारीत मात्र ही सेवा बऱ्याचदा हात टेकते. सातबारा एक, नावं पंधरा, आणि कोणाचा गुंठा कुठे हे सांगणारा पोटहिस्स्याचा नकाशाच नाही. तिथे मोजणी अख्ख्या गटाची बाहेरची हद्द दाखवेल, तुमच्या १,०८९ चौरस फुटांची नाही. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथे स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका झाली आहे का ते पाहा, आणि जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा, सामाईक भिंत, पागोळ्यांचा आणि जाण्यायेण्याचा हक्क शब्दन्‌शब्द वाचा.

आडोशाचा, म्हणजे खासगीपणाचा प्रश्न मोजणी सोडवत नाही, पण त्याची सुरुवात तिथूनच होते. शेजाऱ्याची खिडकी हद्दीपासून किती अंतरावर आहे, ते रेषा नक्की झाल्यावरच मोजता येतं. सामासिक अंतर (हद्द आणि बांधकाम यांच्यात मोकळी सोडायची जागा) त्याच्या मंजूर नकाशाप्रमाणे सोडलेलं नसेल तर महापालिकेकडे तक्रार चालते. सोडलेलं असेल तर ‘खिडकीतून आमच्याकडे दिसतं’ एवढ्यावर ती बंद करून घेणं अवघड आहे. १८८२ च्या सुखाधिकार (ईझमेंट) कायद्याच्या कलम १८ मध्ये आडोशाचा हक्क आहे, पण तो स्थानिक रूढी सिद्ध झाली तरच. उलट त्याच्या खिडकीला वीस वर्षं अखंड उजेड-वारा मिळत आला असेल, तर कलम १५ च्या आधाराने तुमच्या वाढीव मजल्याला तो हरकत घेऊ शकतो. म्हणून घर बघायला संध्याकाळी दिवे लागल्यावर जा आणि न्हाणीघर, झोपायची खोली, गच्ची अशा प्रत्येक जागी उभं राहून समोरून काय दिसतं ते पाहा. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याचं तोंडही तेव्हाच पाहून घ्या.

भिंत बांधायची झाली तर उंचीचा नियम आधी पाहा: साधारणपणे भरीव भिंत १.५ मीटर, आणि वरचा ०.९ मीटर भाग जाळीदार ठेवला तर २.४ मीटरपर्यंत. गवंडी दोरी बरोबर हद्दीवर धरतो आणि चूक जमिनीखाली होते. २३ सेंटीमीटरच्या भिंतीला ६० सेंटीमीटरचा पाया घेतला, तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी साडेअठरा सेंटीमीटर बाहेर येतो, म्हणजे एक बाजू थेट शेजाऱ्याच्या जागेत. पाया एका अंगाला सरकवून घ्या किंवा भिंत तेवढी आत ओढा. सामाईक भिंत ठरली तर खर्च, दुरुस्ती आणि हद्दीची रेषा लिहिलेला करार सह्यांसकट आधी हवा, चर खणायला सुरुवात त्यानंतर.